पाळी नसताना पॅक

पॅक करणे म्हणजे आपली पाळी आल्यावर हातातली तीन पाने उपडी, न बोलता, मधल्या ढिगावर टाकणे आणि त्या डावापुरते गप्प बसणे. या व्याख्येत चार अटी आहेत. पोळ्याच्या सुमारास लोणार तालुक्यात तीन पत्तीचे जे फड बसतात, त्यांत यांपैकी दोन अटी पाळणारा माणूस सज्जन समजला जातो. चारही पाळणारा बहुधा कुणाचा तरी जावई असतो आणि पहिल्यांदाच आलेला असतो. बाकीचे जे करतात ते चुकीचे पॅक. प्रस्तुत विवेचन त्याचेच आहे.

हा विषय किरकोळ नाही हे आधी गणिताने दाखवता येते. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पाने सारखी) फक्त ५२, जोड्या ३,७४४, आणि ज्यात जोडी नाही, सिक्वेन्स नाही, कलरही नाही असे हात तब्बल १६,४४०. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर हात कशालाच न लागणारे. शहाण्या माणसाने खेळायचे ठरवले तर त्याचा बहुतेक वेळ पॅक करण्यात जाईल. तरीही पाने कशी पिसावी, कशी कापावी, चाल किती टाकावी याचे कायदे प्रत्येकाला पाठ असतात आणि पॅक कसे करावे हे कोणी कोणाला शिकवत नाही. कारण उघड आहे. चाल टाकताना खिशातून पैसे जातात, म्हणून माणूस जपून टाकतो. पॅक फुकट आहे, म्हणून तो ते कसेही करतो.

काळही असा, की माणूस घाईत नसतो. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी कर. निंदण-खुरपण उरकलेले, सोयाबीन शेंगांवर आलेले, सोंगणीला महिनाभर अवकाश, पाऊस थांबून थांबून पडतो आहे. बैल तोरणाखालून जाऊन, ओवाळून घेऊन, पुरणपोळी खाऊन गोठ्यात उभे राहतात आणि गोठ्याच्या कोरड्या अर्ध्या भागात ताडपत्री पसरली जाते. अलीकडे बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. ताडपत्रीचा आकार मात्र तोच राहिला. परदेशातले शास्त्रज्ञ ज्या विवरासाठी लोणारला येतात ते हाकेच्या अंतरावर असते. ताडपत्रीवर बसलेल्यांपैकी त्या दिवशी त्याच्याकडे पाहिलेला कोणी सापडत नाही.

चुकीच्या पॅकचा मुख्य प्रकार म्हणजे पाळी नसताना केलेले पॅक. त्याने नेमके काय बिघडते, हे एका डावावरून समजून घ्यावे लागते.

बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने टाकायची रक्कम, दहा रुपयांचा. सहा जण बसलेले, तिघे गेलेले, तिघे उरलेले. तिघांनीही पाने पाहिली आहेत, चाल चाळीसवर आली आहे आणि मधल्या रुमालावर चारशेच्या आसपास रक्कम आहे. पाळी काळीपिवळी चालवणाऱ्याची. त्याच्यानंतर मंडप-डेकोरेशनवाला, त्याच्यानंतर निवृत्त गुरुजी. काळीपिवळीवाल्याकडे नव्व्यांची जोडी आहे आणि तो विचार करतो आहे. विचार करणे म्हणजे तिन्ही पाने एकावर एक घट्ट धरून अंगठ्याने वरचे पान इंचभर सरकवणे, खालचे पान अजून तेच आहे याची खात्री करणे, पाने मिटणे आणि पुन्हा तेच करणे. इतक्यात गुरुजींचा मोबाइल वाजतो. घरी पाहुणे जेवायला खोळंबले आहेत. “माह्यं पॅक,” म्हणून गुरुजी पाने टाकतात आणि चपला शोधू लागतात.

आता तीन पत्तीचा नियम असा, की शो मागायला दोघेच उरलेले असावे लागतात. तिघे असेपर्यंत काळीपिवळीवाल्यापुढे मोजक्याच वाटा होत्या: चाल टाकणे, पॅक करणे, किंवा चाल टाकून आपल्या आधीच्या खेळाडूकडे साइड शो मागणे. वर्तुळात त्याच्या आधीचे म्हणजे गुरुजीच. मंडपवाल्याची पाने बघण्याचा त्याला काही मार्ग नव्हता. गुरुजींनी पाने टाकताच समोर एकच माणूस उरला, साइड शो संपला आणि शो उघडला. काळीपिवळीवाला चाळीस रुपये टाकून शो मागतो. मंडपवाल्याकडे अठ्ठ्यांची जोडी निघते. रुमाल काळीपिवळीकडे जातो.

“गुरुजी असते तं ह्याच्यानं शो मागनं झालं असतं काय?” मंडपवाला उठून उभा राहतो. “म्या पुढची चाल ऐंशीची टाकनार होतो. हा बसल्या जागी गेला असता.”

“त्यायनं टाकले,” काळीपिवळीवाला नोटा सरळ करत म्हणतो, “म्या का त्यायच्या हातातून हिसकले?”

दोघांचेही बरोबर आहे. मंडपवाल्याची ऐंशीची धमकी खरी होती की नंतर सुचली, हे ठरवता येत नसले तरी ती देण्याचा त्याचा हक्क बुडाला एवढे नक्की. काळीपिवळीवाल्याने एकही नियम मोडलेला नाही. ज्यांनी मोडला त्या गुरुजींचे काहीच गेले नाही, कारण त्यांच्याकडे एक्का, दश्शी आणि चौकी असा हात होता आणि ते पुढच्या पाळीला तसेही जाणार होते. नुकसान झाले ते काही न केलेल्याचे, फायदा झाला तोही काही न केलेल्याचा, आणि करणारा पुरणपोळीवर तूप वाढून घेत आहे. पाळी नसताना केलेल्या पॅकची ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण भांडणात आरोपी नेहमी गैरहजर असतो आणि म्हणून भांडण लांबते.

यावर तालुक्यात तीन मते आहेत. पहिले मत म्हणजे “पॅक म्हंजे पॅक”. पान जमिनीला लागले की मेले. पाळी होती की नव्हती याची चौकशी नाही. हे मत संक्षिप्त असल्यामुळे मोठ्या आवाजात सांगता येते. दुसरे मत, “उचल अन् धरून बस”: टाकणाऱ्याने पाने परत हातात घ्यावी, पाळी येईपर्यंत जिवंत असल्याचे सोंग करावे आणि मग रीतसर टाकावी. वरवर पाहता हा उपाय सर्वांत न्याय्य, कारण हिशेबाला तिघे कायम राहतात आणि शो उघडत नाही. अडचण एवढीच, की तिसऱ्याकडे काही नाही हे आता ताडपत्रीवरच्या सगळ्यांना कळलेले असते. पाने उचलता येतात, कळलेले परत घेता येत नाही. शिवाय गुरुजी निघून गेलेले असल्याने त्यांची पाने धरायला एखादे पोर बसवावे लागते. ते पोर ती पाने पाहते, आणि त्याचा चेहरा बघून पुढचे दोघे खेळतात.

तिसरे मत, “डाव मोडा”. रुमालावरची रक्कम पुढच्या डावात टाकायची आणि नव्याने वाटायचे. हे मत मांडणारा माणूस ओळखायला सोपा असतो. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी असते. मोडलेल्या डावाला भारदस्त पूर्वाधार हवा असेल तर तो महाभारतात आहे. द्यूत संपल्यावर धृतराष्ट्राने सगळे परत देऊन टाकले, आणि लगेच दुसरे द्यूत झाले, ज्यात बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास पदरी आला. मोडलेला डाव पुढच्या डावात फुगून येतो, हे तेव्हापासून माहीत आहे. फाशांच्या त्या खेळात पॅकची सोय नव्हती. ती असती तर युधिष्ठिराने वापरली असती असे मानायला मात्र ग्रंथात काही आधार नाही.

निकाल देतो तो नालवाला. ज्याच्या गोठ्यात फड बसतो त्याला प्रत्येक जिंकलेल्या डावातून नाल मिळते, मग डाव कोणीही जिंको. म्हणूनच तो निःपक्षपाती मानला जातो आणि बऱ्याच अंशी असतोही. फक्त मोडलेल्या डावातून नाल निघत नाही. त्यामुळे तिसऱ्या मताला त्याचा तात्त्विक विरोध असतो. दुसऱ्या मताने वेळ जातो आणि तासाला होणारे डाव कमी होतात, म्हणून तेही त्याला मानवत नाही. उरते ते पहिले. “पॅक म्हंजे पॅक, वाटा,” एवढे बोलून तो चहाचे सांगायला आत जातो. मंडपवाल्याला न्याय मिळत नाही, पण पुढची पाने मिळतात आणि बहुतेकांचे तेवढ्याने भागते.

गमतीची गोष्ट अशी, की हाच निकाल जगातल्या सर्वांत महागड्या टेबलांवरही दिला जातो. पोकरच्या स्पर्धांना एकच नियमावली असावी म्हणून २००१ साली मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन आदी मंडळींनी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापन केली. त्यापूर्वी एका कॅसिनोत जिवंत असलेला हात दुसऱ्या कॅसिनोत मेलेला ठरे, म्हणजे परिस्थिती गोठ्यागोठ्याचा नियम वेगळा अशीच होती. या संस्थेच्या नियमांत रूढीबाहेरच्या पॅकसाठी स्वतंत्र कलम आहे. बोलीची शेवटची फेरी संपेपर्यंत कधीही, पाळी नसताना पाने टाकली किंवा पाळीवर असून समोर कोणाची बोली नसताना टाकली, तरी दोन्ही पॅक बंधनकारक. वर शिक्षाही होऊ शकते. पाने परत नाहीत, डाव मोडणे नाही. नालवाल्याने इंग्रजीतली ती नियमावली वाचलेली नसते आणि नियमावली करणाऱ्यांनी गोठा पाहिलेला नसतो. दोघे एका ठिकाणी पोचले, कारण दोघांनाही एकच भीती होती.

ती भीती म्हणजे खोटे पॅक. टाकलेली पाने उचलायची मुभा दिली की पाळी नसताना पाने टाकणे ही चूक राहत नाही, हत्यार होते. ट्रेल धरून बसलेला माणूस निरागसपणे पाने पुढे सरकवतो, “गेलो बावा” म्हणतो, पुढचे दोघे निर्धास्त होऊन चाल वाढवतात, आणि मग कोणीतरी “अरे, तुही पाळी कुठं होती?” म्हटल्यावर तो खजील होऊन पाने उचलतो. असा खजील झालेला माणूस रात्री मोटारसायकलचा हप्ता भरून घरी जातो. म्हणून नियम सोपा ठेवावा लागतो: भोळा आणि बनेल यांच्यात फरक करता येत नाही, तेव्हा दोघांचीही पाने मेली.

शिक्षेच्या बाबतीत मात्र दोन परंपरा वेगळ्या होतात. स्पर्धेत आधी तोंडी ताकीद, मग एखादा डाव किंवा अख्खी फेरी बाहेर, आणि फारच झाले तर हकालपट्टी. फेरीची शिक्षा झालेला खेळाडू टेबलापासून दूर उभा राहतो, पण त्याचे चिप्स जागेवरच असतात आणि त्यांतून त्याचा ब्लाइंड, म्हणजे सक्तीची आगाऊ बोली, कापला जातो. स्वतःचा पैसा स्वतःशिवाय खर्च होताना बघण्याची ही सोय लोणारात बायकोच्या माहेरच्या लग्नातच मिळते. इथल्या फडात बाहेर बसवण्याची शिक्षा देता येत नाही, कारण माणूस बाहेर बसत नाही, घरी जातो, आणि सहाचे पाच झाले तर नालेवर परिणाम होतो. तेव्हा चहाचे पैसे त्याच्याकडून घेतात.

बोली नसताना केलेले पॅक हा दुसरा प्रकार तीन पत्तीत संभवत नाही. इथे प्रत्येक पाळीला काहीतरी टाकावेच लागते. पोकरमध्ये समोर बोली नसेल तर चेक म्हणून फुकट पुढे जाता येते, आणि तरीही कंटाळून पाने टाकणारे लोक असतात. त्यात कोणाचे काय गेले, असे वाटते. पण साध्या खेळात आपला मूर्खपणा आपल्या खिशापुरता असतो. स्पर्धेत तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाचाही क्रमांक हलवतो. एकाने फुकट सोडलेले चिप्स दुसऱ्याकडे जमतात आणि तो दुसरा तासाभराने तिसऱ्याच्या समोर येऊन बसतो. म्हणून तेही बंधनकारक, तेही शिक्षेला पात्र. मांडवीवरच्या जहाजांतले कॅसिनो बघून आलेला एखादा गोवा-रिटर्न तरुण तीन पत्तीतही “चेक” म्हणतो. त्याला कोणी शिक्षा करत नाही. सगळे त्याच्याकडे पाहतात, नालवाला “इथं उधारी नाही” असे सांगतो आणि खेळ पुढे जातो.

मोबाइलवर शिकलेली पिढी हा आणखी वेगळा वर्ग. पडद्यावर वेळ संपली की यंत्रच पाने टाकून देते, मग माणूस विचार करत असो, की रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढलेला असो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्यावर यांतले काही ताडपत्रीवर आले. त्यांचे पॅक शिस्तीचे असते, पण पाळी आल्यावर ते पंधरा सेकंद काहीच करत नाहीत आणि पाने आपोआप जातील म्हणून वाट पाहतात.

तिसरा प्रकार उताण्या पानांचा. टाकणारा पाने आपटून टाकतो, ती उलटतात आणि इस्पिकचा एक्का सर्वांना दिसतो. ज्याच्या हातात दोन एक्के आहेत त्याला त्यातून काही कळते, ज्याला दोन एक्क्यांची भीती वाटत होती त्यालाही कळते. पण प्रत्यक्षात उताण्या पानांपेक्षा उताणे तोंड जास्त घातक ठरते. पॅक केलेला माणूस त्या डावापुरता मेलेला असतो आणि मेल्यावर त्याला वाचा फुटते. “म्या टाकलं तो कलर होता बे,” हे तो कोणालाच उद्देशून न बोलता बोलतो. मग तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून त्याची पाने पाहतो आणि भुवया वर करतो. भुवया वर करण्यावर स्पर्धेच्या नियमांतही शब्दशः बंदी नाही. एका हाताला एकच खेळाडू, आणि चालू डावावर चर्चा नको, एवढेच ते सांगतात. ताडपत्रीवर एका हाताला सरासरी अडीच खेळाडू असतात. फड पाहायला आलेला, स्वतः कधीच न खेळणारा, “माह्यं पैशाचं काही नाही, पन तू चुकला” असे सांगणारा एक वडीलधारा गृहस्थ प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला “आबा, तुमी कायले मधात बोलता?” असे विचारायची हिंमत फक्त हरणाऱ्यात असते.

बोलण्यातून होणारे पॅक हे स्वतंत्र प्रकरण व्हावे इतके मोठे आहे. स्पर्धेत पाळीवर उच्चारलेला शब्द बंधनकारक असतो. लोणारात “पॅक” हा शब्द दिवसभरात सिमेंटच्या गोणीसाठी, बिघडलेल्या इंजिनासाठी, तुडुंब भरलेल्या मेहकर गाडीसाठी आणि जेवण झालेल्या पाहुण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे निव्वळ उच्चारावर निकाल दिला तर एका तासात कोणीच जिवंत राहणार नाही. म्हणून इथे शब्द आणि पान दोन्ही लागतात. सशर्त पॅक तर सर्रास चालते: “तू आता ऐंशी टाकले तं माह्यं पॅक, जाय.” पुढची कृती अटीवर आगाऊ जाहीर करण्याला स्पर्धेचे नियम स्पष्टपणे परावृत्त करतात. इथे ती वाटाघाट समजली जाते. ऐंशी पडतात, आणि बोलणारा शंभर टक्के वेळा चाल टाकतो.

टाकलेली पाने परत मिळू शकतात का, या प्रश्नाचे नियमावलीतले उत्तर बारकाईचे आहे. सर्व बोली संपल्यावर, पाने दाखवायच्या वेळी, कोणी चुकून पाने उपडी टाकली आणि ती अजून निःसंशय ओळखता येत असतील, तर ती परत मिळू शकतात. वाटणाऱ्याने ती मेलेल्या ढिगात मिसळली की विषय संपला. ही तरतूद नव्या कॅटसाठी लिहिलेली आहे. गोठ्यातला कॅट मागच्या दिवाळीपासून चालू असतो. बदाम अठ्ठीवर हळदीचा डाग असतो, किलवर गुलामाचा कोपरा दुमडलेला असतो, चौकट सत्ती हरवल्यामुळे तिच्या जागी दुसऱ्या कॅटमधली, पाठीवर मोर असलेली सत्ती घातलेली असते. असा कॅट ढिगात कितीही मिसळला तरी प्रत्येक पान निःसंशय ओळखता येते. खरे तर ते वाटतानाच ओळखता येते, आणि मोर ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे काय आहे हे पाचही जणांना कळते. त्यामुळे पाने परत देण्याच्या अर्जावर पुराव्याचा वाद कधी होत नाही. अर्ज तरीही फेटाळला जातो.

न करता झालेले पॅक हा यातला सर्वांत करुण प्रकार. माणूस चाल टाकून मागे रेलतो, पाने पुढ्यात मोकळीच पडलेली. वाटणारा पुढच्या डावासाठी पाने गोळा करता करता तीही ओढून नेतो. पोकरचा नियम इथे कठोर आहे. आपला हात जपण्याची जबाबदारी आपली. न जपलेला हात वाटणाऱ्याने चुकून मारला तर दाद नाही, टाकलेले पैसेही परत नाहीत. अपवाद एकच: आपण बोली वाढवली असेल आणि तिला अजून कोणी उत्तर दिले नसेल, तर तेवढी वाढीव रक्कम परत मिळते. म्हणून मोठ्या स्पर्धांत खेळाडू पानांवर चिप किंवा एखादे नाणे ठेवतात. लोणारात चुन्याची डबी ठेवतात. डबीचा तोटा असा, की ती सामाईक असते. मधेच कोणी “डबी दे रे” म्हणतो, डबी वर्तुळभर फिरते, आणि परत येईपर्यंत तिच्याखालचा बादशा ढिगात गेलेला असतो. उठून गेलेल्याचे काय, हाही प्रश्न याच सदरातला. स्पर्धेत सुरुवातीच्या वाटपातले शेवटचे पान वाटले जाते त्या क्षणी जागेवर नसलेल्याचा हात मेला. गोठ्यामागे गेलेल्याच्या बाबतीत असा निकाल देणे अमानुष ठरेल, म्हणून “त्याचं मी पाह्यतो” म्हणून शेजारी दोन्ही हात खेळतो. तो नेमका स्वतःचा हात पॅक करून दुसऱ्याच्या पैशाने ब्लाइंड चाल टाकत राहतो, हा योगायोग वारंवार घडतो.

मुळीच पॅक न करणाऱ्यांचा समावेश इथे करावा की नाही, याबद्दल दुमत होऊ शकते. पण वेळेवर न टाकलेले पानही चुकीचेच टाकलेले असते, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण फडातले नसून गावाच्या शेजारचे आहे. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये लोणारच्या विवराची नोंद केली. त्यानंतर हे विवर ज्वालामुखीचे, असे मानणारे भूशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या आपला हात धरून बसले. बसाल्टच्या प्रदेशात ते पान वाईटही नव्हते. १९७३ साली छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवून देणारा लेख प्रसिद्ध झाला, आणि उल्कापात हा शो ठरला. ज्वालामुखीवाल्यांनी पाने खाली ठेवली. पाळी आल्यावर, पुरावा पाहून, फारसे न बोलता. दीडशे वर्षे लागली हे खरे; पण बूट तेवढा मोठा होता.

रमीत हा सगळा गोंधळ नाही, कारण तिथे टाकून उठण्याला दरपत्रक आहे. तेरा पाने पाहून, पहिले पान उचलण्यापूर्वी आपल्या पाळीवर ड्रॉप केले तर वीस पॉइंट, मधे केले तर चाळीस, आणि शेवटपर्यंत आशा धरून बसले तर ऐंशीपर्यंत. एकदा पान उचलले की त्या पाळीला ड्रॉप नाही. किंमत लावल्याबरोबर माणसे कशी शिस्तीत वागतात, याचा हा चांगला नमुना. या शिस्तीला न्यायालयीन मान्यताही आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते धरावे, कोणते टाकावे हे ठरवणे, यातच कौशल्य असल्याचे निकालात म्हटले. त्याच ठिकाणी तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवले. म्हणजे तेरातले एक पान टाकणे ही कला. तीनची तीन टाकणे हे काहीच नाही. मंडपवाल्याला हा निकाल कोणी समजावून सांगितलेला नाही.

शेवटचा प्रकार सामुदायिक पॅकचा. गोठ्याच्या दाराशी टॉर्च चमकतो आणि सहाही जण एकाच क्षणी, पाळीचा विचार न करता, पाने टाकतात. कोणाची पाने वैरणीत जातात, कोणाची चिखलात, ट्रेल असलेलाही टाकतो. चुकीच्या पॅकचे वर सांगितलेले सगळे दोष यात एकवटलेले असूनही त्याबद्दल खेळाडूंमध्ये कधीच वाद होत नाही. वाद होतो तो कायद्याशी. लागू असलेला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्यात झालेला. त्या वर्षी लोणार मुंबई इलाख्यात नव्हतेच, वऱ्हाडात होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मागाहून कायदाही आला. त्याच्या दृष्टीने जागेच्या मालकाने खेळातून लाभ मिळवला की ती जागा जुगाराचा अड्डा होते. इतका वेळ निःपक्षपातीपणाची हमी असलेली नाल इथे मुख्य पुरावा ठरते, आणि पंचाचा पहिला आरोपी होतो.

“साहेब, म्या तं कवाच पॅक केलं होतं,” हा बचाव त्या वेळी कमीत कमी दोघांकडून येतो आणि निदान एकाच्या बाबतीत तो खराही असतो. कलम ५ त्याला जागा ठेवत नाही. अड्ड्यावर खेळ चालू असताना सापडलेला माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, जुगारासाठीच तिथे होता असे धरले जाते. पॅक केलेला, न केलेला, नुसता सल्ला देणारा आणि डबी मागायला आलेला, सगळे एका यादीत येतात. रुमालावरची रक्कम कोणाची, हा तासाभरापूर्वी जिवावर बेतलेला प्रश्न आता विचारला तर ती कोणाचीच नसते. पंचनाम्यात रोख, मोबाइल, दारापुढच्या मोटारसायकली आणि बावन्न पत्त्यांचा एक कॅट अशी नोंद होते. वैरण चाळून पाने गोळा करतात, मोजतात, ती एक्कावन्न भरतात. बावन्नावे पान, मोर असलेले, दुसऱ्या दिवशी बैलापुढे सापडते.